वास कोणाच्या घरचा

मी कॉलेजात जागतिक नागरिकत्व शिकवते. हसू नका. माझ्या पासपोर्टावर एकही शिक्का नाही. विमानात बसले ती मुंबईपर्यंत, आणि तेवढ्यातही कान दुखले म्हणून हवाईसुंदरीला भंडावून सोडलं. पण नव्या धोरणात 'जागतिक नागरिकत्व आणि समता' असा दोन क्रेडिटचा विषय आला, इतिहासाला मुलं मिळेनात, माझे तास कमी पडायला लागले, आणि प्राचार्य म्हणाले, "निरुपमाबेन, तमे ज करी लो ने," तुम्हीच घेऊन टाका. तेव्हापासून जगाची जबाबदारी माझ्यावर आहे.

विषय मात्र मला चढला, खोटं कशाला बोलू. माझा आवाज मुळात खणखणीत. त्यात समता हा शब्द असा आहे की जरा स्वर लावून म्हटला की वर्ग गप्प बसतो. आशय नावाचा एक मुलगा दर तासाला विचारतो, "मॅम, या चिंतनात परीक्षेला काय लिहायचं?" मी त्याला सांगते, "आशय, चिंतन लिहायचं नसतं, करायचं असतं." आणि मग फळ्यावर मुद्दे लिहून देते.

आता घरचं सांगते. आम्ही शहराच्या समा भागात राहतो, एका सोसायटीतल्या टेनामेंटमध्ये, म्हणजे छोट्या दुमजली घरात. खाली आम्ही दोघं, वरचा मजला मुलासाठी बांधलेला. मुलगा पुण्याला, तो काही परत यायचा नाही. आमचे हे रिफायनरीतून रिटायर झालेत. नाव हंबीरराव, पण दारावरची बेल वाजली तरी आधी मला पुढे करतात. आम्ही शिर्के, खाणारी माणसं. सोसायटी मात्र कडक शाकाहारी. घर घेतलं तेव्हा पीयूषभाई चेअरमन होते, अजूनही तेच आहेत. त्यांनी हात जोडून विचारलं होतं, "बेन, नॉनव्हेज तो नथी खाता ने?" आणि मी इतक्या गोड आवाजात "ना रे ना" म्हटलं की हंबीररावांनाही क्षणभर पटलं.

तेव्हापासून आमचा रविवार म्हणजे चोरीचा मामला. मासळी पिशवीवर पिशवी गुंडाळून आणायची, वर मेथीची जुडी दिसेल अशी ठेवायची. घरात शिरलं की सगळ्या खिडक्या बंद, आणि देवघरात नसतील एवढ्या उदबत्त्या स्वयंपाकघरात. काटे कागदात बांधून हंबीरराव स्कूटरवरून कुठेतरी लांब टाकून येतात. इतक्या वर्षांत कोणाला पत्ता लागला नाही याचा मला अभिमान होता. वर्गात माणसाच्या प्रतिष्ठेवर बोलणारी बाई घरी पापलेट खाते ती अशी, पडदे ओढून.

चिसोमो माझ्या वर्गातली मुलगी. मलावी देशाची, इथे समाजकार्य शिकायला आलेली. दोन वर्षांत गुजराती इतकं छान बोलायला लागली की माझ्या भाचीला लाज वाटावी. माझ्याशी मात्र ती इंग्रजीत बोलते. वर्गात मागे बसते, फारसं तोंड उघडत नाही. त्या दिवशी मी 'आपल्याकडे किती आणि गरज किती' असा तास घेत होते. उदाहरण स्वतःचं दिलं की प्रामाणिक वाटतं, म्हणून मी म्हटलं, "माझंच बघा. वरचा अख्खा मजला रिकामा पडलाय, धूळ खातोय. ही विषमता नाही तर काय?" मुलांनी माना डोलावल्या. मी स्वतःवर खूश.

त्या खुशीत मी विचारलं, या शहरात तुम्हाला कधी काय नाकारलं गेलंय. मला वाटलं, रिक्षावाल्यांच्या तक्रारी निघतील. चिसोमो उठून म्हणाली, "मॅम, मला घर." तिच्या घरमालकाने महिनाअखेर खोली सोडायला सांगितली होती. मांडवीपासून समापर्यंत ती फिरली होती. फोनवर जागा असायची, ती दारात उभी राहिली की जागा नुकतीच गेलेली असायची. राहण्याचा पत्ता दाखवला नाही तर परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंदणी अडते, आणि नोंदणी अडली की शिक्षण अर्धवट टाकून परत जायचं. हे सगळं तिने आवाज न चढवता सांगितलं आणि खाली बसली.

आणि ज्याने वर्षभर परीक्षेपलीकडे काही विचारलं नव्हतं, तो आशय म्हणाला, "मॅम, तुमचा वरचा मजला रिकामाच आहे ना?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. "अर्थातच," मी म्हणाले, "मी तेच म्हणणार होते." डोंबल म्हणणार होते.

घरी पोचेपर्यंत मी नाही म्हणायची चार कारणं शोधली. तिच्या रंगाची मला काही अडचण नव्हती, असं मी स्वतःला सांगत होते, आणि बहुतेक ते खरंही होतं. मला भीती माझ्या पापलेटची होती. ती राहायला आली की सगळ्या सोसायटीची नजर आमच्या घराकडे लागणार, आणि नजर लागली की नाकही लागणार. दुसऱ्या दिवशी मी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं. संस्कृती, परंपरा, शेजारधर्म असं सगळं फिरून झाल्यावर विचारलं, "म्हणजे तू, मासे वगैरे?"

ती ओशाळली. "सॉरी मॅम, मी शाकाहारी आहे. आमच्या चर्चमधले बरेच लोक खात नाहीत. तुमच्या घरी चालेल ना?"

चालेल म्हटलं. आणखी काय म्हणणार.

ती राहायला आली. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा करायची, त्याबरोबर घेवड्याच्या दाण्यांची उसळ. संध्याकाळी खाली येऊन हंबीररावांबरोबर गुजराती बातम्या बघायची. हे तिला बातम्या समजावून सांगतात असा त्यांचा समज होता, खरं तर तीच त्यांना सांगायची. तिची नोंदणी झाली. मी स्टाफरूममध्ये हरभऱ्याच्या झाडावर चढून बसले. "माझ्याकडे मलावीची मुलगी राहते ना," हे वाक्य मी कोणत्याही विषयात घुसवू शकत होते. एकदा तर गॅस सिलिंडरच्या चर्चेत घुसवलं.

मग नणंदेने मुंबईहून सुके बोंबील पाठवले. ताज्या मासळीचं एक ठीक असतं, पण सुका बोंबील तव्यावर भाजायला घेतला की त्यापुढे उदबत्ती काय करणार. मी म्हटलं, नको. हंबीरराव लहान मुलासारखं तोंड करून बसले. भाजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या योगिनीबेन कुंपणापाशी आल्या, नाकाला पदर लावून. "बेन, तुमची उपरवाळी छोकरी मच्छी बनावे छे. काल आम्हाला जेवण गेलं नाही."

या ठिकाणी मी म्हणू शकले असते, योगिनीबेन, ते आमचे बोंबील. चार शब्दांचं काम. पण मला नेमकं त्याच वेळी भाषण आलं. मी म्हटलं, "असं बघा योगिनीबेन, जगात प्रत्येकाचं खाणं वेगळं असतं. दुसऱ्याच्या ताटाकडे आपण मोठ्या मनाने बघायला शिकलं पाहिजे." आणखीही बरंच बोलले. माझा स्वर इतका छान लागला होता की योगिनीबेन पदर सावरत आत गेल्या. मी घरात येऊन हंबीररावांना सगळं म्हणून दाखवलं.

ते चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "अगं, म्हणजे तिने मासे केले, हे तू कबूल करून आलीस."

आता जाऊन सांगते म्हणून मी दोनदा चपला घातल्या आणि दोनदा काढल्या. संध्याकाळी पीयूषभाईंचा निरोप आला. रविवारी सकाळी कॉमन प्लॉटवर, सोसायटीच्या मोकळ्या पटांगणात, सभा. विषय, शिर्के यांच्या वरच्या मजल्यावरची भाडेकरू.

चिसोमो शनिवारी खाली आली. बसली नाही. म्हणाली, "मॅम, सगळे म्हणतात मी मासे शिजवते. तुम्ही माझी बाजू घेतलीत म्हणे." मी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले. "इथे मला पुष्कळ काय काय म्हणतात," ती म्हणाली, "सवय आहे. पण ही खोली गेली तर मला परत जावं लागेल. उद्या तुम्ही खरं सांगाल का?"

सांगेन म्हटलं. त्या वेळी मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी तिला चहासुद्धा विचारला नाही.

रविवारी कॉमन प्लॉटवर सगळे जमले. पुरुष खुर्च्यांवर, बायका झोपाळ्याच्या बाजूला, चिसोमो कडेला उभी. पीयूषभाईंनी फार गोड शब्दांत सुरुवात केली. अतिथी देव असतो वगैरे, पण सोसायटीचे काही नियम असतात, आणि मच्छीचा वास म्हणजे हद्द झाली, तेव्हा या महिन्यात खोली खाली करावी. मी उभी राहिले. वर्गात मी आवाज लावते ना, तो आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

"ते बोंबील आमचे होते," मी म्हणाले. "मी भाजले. ही मुलगी शाकाहारी आहे. मासे आम्ही खातो. दर रविवारी खातो. घर घेतलं तेव्हापासून."

शेजारी हंबीररावांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आता आमचं पाणी बंद होणार, घर विकून पादरा गावात जाऊन राहावं लागणार. पण कोणी दचकलंसुद्धा नाही. पीयूषभाई तर हसले. "बेन, ए तो अमने वर्षोथी खबर छे." म्हणजे वर्षानुवर्षं ठाऊक.

"रविवारी दुपारी तुमच्याकडे एवढ्या उदबत्त्या लागतात," योगिनीबेन म्हणाल्या, "आम्हाला काय कळत नाही? कोणी कधी बोललं तुम्हाला? तमे तो आपणां ज छो."

मला त्या क्षणी काय वाटलं सांगू? बरं वाटलं. तुम्ही तर आमच्यातल्याच, हे ऐकायला मी इतकी वर्षं उदबत्त्या जाळल्या होत्या. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं मेलं. मग सावकाश डोकं चालायला लागलं. म्हणजे परवाचा वास आमचा आहे हे यांना ठाऊक होतं. ठाऊक असून बोट वरच्या मजल्याकडे दाखवलं.

"मग ही सभा कशासाठी आहे?" मी विचारलं.

"छोकरीनुं जुदुं छे," पीयूषभाई म्हणाले. तिचं वेगळं आहे.

"काय वेगळं?"

"बेन, तमे समजो छो ने."

"नाही समजत. ती इथेच उभी आहे, तिला गुजराती येतं. तिचं काय वेगळं आहे, ते तिलाच सांगा."

पीयूषभाई झोपाळ्याकडे बघायला लागले. झोपाळ्यावरच्या बायका आपल्या हातांकडे. योगिनीबेन म्हणाल्या, "पण वास तर..."

"वास माझा."

"तमारी वास तो चाले," त्या म्हणाल्या. मागून कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"मग ती राहील," मी म्हटलं. "घर माझं आहे. मच्छीसाठी काढायचं असेल तर आधी मला काढा." आता माझा आवाज परत आला होता, आणि खरं सांगते, संतापाने आला होता. निम्मा संताप त्यांच्यावर आणि निम्मा त्या मघाच्या बरं वाटण्यावर. पीयूषभाई म्हणाले, "जोईशुं." बघू. सभा चहा न घेता मोडली. योगिनीबेन अजून माझ्याशी बोलत नाहीत. पूर्वी त्या रविवारी दुधी घालून भाजलेला हांडवो पाठवायच्या. मला त्याची आठवण येते, नाही असं नाही.

आम्ही तिघं घरी आलो. माझी छाती जरा फुगलेली होती, लपवत नाही. चिसोमो आता आभार मानेल, मग मी म्हणेन, अगं त्यात काय एवढं, अशी सगळी तयारी मनात झाली होती. जिन्यापाशी ती थांबली. "थँक यू, मॅम," म्हणाली. मग जरा घुटमळली. "एक सांगू का?"

"सांग की."

"तुम्ही रविवारी खिडक्या लावून घेता, तेव्हा सगळा वास जिन्यातून वर माझ्या खोलीत येतो. मला मासळीचा वास सहन होत नाही, उलट्या होतात. म्हणून मी रविवारी कमाटीबागेत जाऊन बसते. आता सगळ्यांना माहीतच आहे, तर खिडक्या उघड्या ठेवाल का?"

हंबीरराव खोकले. सबंध सोसायटीत त्या वासाचा खरोखर त्रास होणारं एकच माणूस होतं, आणि ते माझ्याच डोक्यावर राहत होतं.

"अगं, मग इतके दिवस बोलली का नाहीस?" मी विचारलं. "मला सांगायचं नाही का? मी काय त्यांच्यातली आहे?"

ती हळू म्हणाली, "मला वाटलं, बोलले तर तुम्हीही म्हणाल, जागा नाही."