'येते' म्हणून जा

मी एक जुनी वेबसाइट आहे. माझ्याकडे आलेला माणूस मिनिटभरात निघून जातो. मित्रांनो, हे ऐकून लगेच हळहळू नका. माझ्या आयुष्यातली ती चांगली गोष्ट आहे. माझे दुःख वेगळेच आहे.

माझा जन्म जालन्यात, मस्तगड भागातल्या एका चिंचोळ्या दुकानात झाला. तिथे इस्माईलचाचा शिलाई मशीन दुरुस्त करत. तेलाने काळी झालेली बोटे, नाकावर घसरलेला चष्मा आणि तोंडाची अखंड टकळी, असे हे चाचा. गावोगावच्या बाया त्यांना फोन करत. कुणाचे टाके सुटत, कुणाचा धागा तुटे. चाचा एकेकीला समजावत बसत आणि समोरचे काम तसेच पडून राही. म्हणून त्यांच्या मुलीने, कशफने, कॉम्प्युटर शिकता शिकता मला तयार केले. मशीनच्या प्रत्येक दुखण्याला एक पान आणि त्या पानावर चाचांचा आवाज. "बाई, घाबरू नको. मशीन बिलकुल बिघडली न्हाई. सुई उलटी बसली आसंल. चपटी बाजू बघ, फिरव, मंग लाव." बस्, एवढेच.

पानाच्या खाली कशफने 'बंद करा' असे बटण ठेवले होते. ते पाहून चाचा भडकले. "दुकानातून उठलेली बाई असं बोलती का? ती 'जाते'बी म्हणत न्हाई. 'येते' म्हणती. तसंच लिही!" कशफला हसू आले, पण तिने तसेच लिहिले आणि ते बटण चाचांच्या मोबाइलला जोडून दिले. तेव्हापासून मशीन चालू झाली की बाई 'येते' दाबायची आणि इकडे चाचांच्या मोबाइलची घंटी वाजायची. हातातले काम थांबवून चाचा म्हणायचे, "चलो, एक और चली." पुन्हा मान खाली घालून ते कामाला लागायचे. दिवसातून वीसदा तरी हे घडे. मला तर त्या घंटीचे वेडच लागले होते.

मग एके दिवशी भुजंग आला. तो कशफचा वर्गमित्र. जाहिरातीचे काम करायचा. मुलगा वाईट नव्हता, हे आधीच सांगते. त्याने माझे आकडे पाहिले आणि कपाळावर हात मारला. "चाळीस सेकंदात लोक पळून जाऊन राह्यलेत, कशफ! त्यांना धरून ठेवायला पायजे. आन् हे 'येते' कशाला? पाव्हण्याला आपणच दार दाखवायचं का?"

अब्बांचे नाव दूरवर पोहोचावे, एवढीच कशफची इच्छा होती. तिने होकार दिला. भुजंगने चाचांच्या एकेका उत्तराचे दहा तुकडे करून दहा पानांवर टाकले. पानापानावर नाचणाऱ्या चौकटी आल्या. कुणी निघू लागले की मी ओरडायचे, "थांबा! जाऊ नका!" 'येते' तर भुजंगने काढूनच टाकले.

मित्रांनो, लोक खरेच थांबू लागले. सहा सहा मिनिटे थांबले. भुजंगने पेढे आणले. मीही फुगून गेले. लोक थांबतात ते उत्तर सापडत नाही म्हणून, हे माझ्या लक्षातच आले नाही.

चाचांची घंटी मात्र बंद पडली.

पहिल्या दिवशी त्यांनी मोबाइल झटकून पाहिला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या दुकानदाराला फोन लावायला सांगितला. फोन चांगला वाजला. मग त्यांनी कशफला विचारले. बटण काढल्याचे कळले तर अब्बा चिडतील, म्हणून ती म्हणाली, "बघते, अब्बा." परीक्षा जवळ आली होती. बघायचे राहून गेले.

चाचांची टकळी हळूहळू कमी झाली. आपलेच सांगणे चुकत असावे, असे त्यांच्या मनाने घेतले. एका दुपारी त्यांनी मोबाइल तोंडाजवळ धरून आवाज भरला. "बायांनो, माझ्या सांगण्यानं तुमच्या मशिनी चालू होऊन न्हाई राह्यल्या का? उमर झाली माझी. काही चुकलं आसंल तर माफ करा." हे माझ्यावर लावायला त्यांनी कशफला सांगितले. तिने तेही उद्यावर टाकले. त्यानंतर आठच दिवसांत, दुकानातल्या स्टुलावर बसल्या बसल्या चाचा गेले.

महिन्याभराने कशफ दुकान आवरायला आली. तेवढ्यात घनसावंगीहून एक बाई कापडात गुंडाळलेली मशीन घेऊन दारात उभी राहिली. मीना तिचे नाव. बसमध्ये तिने ते ओझे मांडीवर धरून आणले होते.

"चाचा कुठं हाईत? शाळेचे पंचवीस ड्रेस शिवायचे राह्यलेत. दोन दिस त्या मोबाइलवर बघून राह्यले, पण उत्तरच सापडंना. नुसतं 'थांबा, थांबा' म्हणतंय. चाचांचा फोनबी लागंना. पहिलं चाचा एका बोलण्यात सांगायचे."

कशफने गुंडाळी सोडली. सुई उलटी बसली होती. तिने ती फिरवून लावली आणि चाक फिरवले. सरळ टाका पडला. एका वाक्याचे काम होते, मित्रांनो, आणि ते वाक्य मी दहा पानांत दडवून ठेवले होते.

चाचा गेल्याचे ऐकून मीनाबाईने पदर डोळ्यांना लावला. मग मशीन उचलली आणि सवयीने म्हणाली, "येते बरं का." ते ऐकताच कशफ ओक्साबोक्शी रडली.

त्याच दिवशी तिने माझ्यावरचा सगळा पसारा काढला. चाचांचा आवाज पुन्हा अखंड झाला. खाली 'येते' आले. माफीचा तो आवाज तिने लावला नाही, पुसलाही नाही. अब्बांचा मोबाइल तिने दुकानातल्या स्टुलावर ठेवला आहे. तो ती रोज चार्ज करते.

दुसऱ्या दिवशी दुपारी घंटी वाजली. कुठेतरी एक मशीन चालू झाली होती. कशफचे ओठ हलले, पण "चलो, एक और चली" तिला म्हणता आले नाही.

आता रोज घंटी वाजते. ज्याला ऐकू जायला हवी होती, तो माणूस नाही. मित्रांनो, माझ्याकडे जास्त वेळ थांबू नका. काम झाले की खुशाल उठा. पण ज्याने तुमची अडचण सोडवली, त्याला एवढे कळवून जा, की मशीन चालू झाली. तो कान देऊन बसलेला असतो.