पायांची गिनती

सहदेव परबाला अर्बन नावाच्या शिपायाचा हेवा वाटायचा, आणि ही गोष्ट एकटा सहदेव सोडला तर अख्ख्या तुरुंगाला ठाऊक होती. मुलुंडच्या डोंगराखाली, चौऱ्याऐंशी साली, कच्च्या कैद्यांचा एक छोटा तुरुंग होता असं समजा. तीन बराकी, एक विहीर, फणसाचं एक झाड आणि पंधरा शिपाई. त्यांत सहदेव सगळ्यांत जुना, एकोणीस वर्षांच्या नोकरीचा. रात्रीच्या गिनतीत त्याची एकदाही चूक झाली नव्हती, आणि हे तो जेवताना, दाढी करताना, बायकोशी भांडतानासुद्धा सांगायचा.

त्याची पद्धत अस्सल सरकारी. रात्री बारा, तीन आणि पाच अशा तीन फेऱ्या. नाल ठोकलेले बूट खाडखाड वाजवत जायचं, गजांवरून काठी फिरवायची आणि उठून बसा म्हणून ओरडायचं. बराकीतली सगळी डोकी उठून बसली की मोजायची, वहीत आकडा लिहायचा आणि पुढच्या बराकीकडे वळायचं. मागून शिव्या यायच्या. पण शिव्या देणारा माणूस जिवंत असतो आणि जागेवर असतो, असं सहदेवचं म्हणणं होतं, आणि ते काही खोटं नव्हतं.

अर्बन मरोळ गावठाणातला, नोकरीत जेमतेम चार वर्षांचा. पायात कॅनव्हासचे बूट आणि काठीच्या टोकाला सुती चिंधीचा बोळा बांधलेला. त्या चिंधीवरून सहदेवने त्याची पुष्कळ टिंगल केली होती. काठीला सर्दी झाली काय रे, म्हणायचा. अर्बन नुसता हसायचा, आणि ते हसणं सहदेवला जास्तच झोंबायचं.

खरं दुखणं वेगळंच होतं. तीन नंबरच्या बराकीला दोन्ही बाजूंनी गज होते, आणि कैदी गजांकडे पाय करून दोन ओळींत झोपायचे. अर्बनच्या बुटांची चाहूल लागली की कोणी उठायचं नाही, कोणी शिवी द्यायचं नाही. चादरीतून फक्त एकेक पाय बाहेर यायचा. सहदेवने हे कचेरीच्या व्हरांड्यातून, चाळीस पावलांवरून, कितीदा तरी पाहिलं होतं. बॅटरीचा उजेड सरकायचा आणि पाय बाहेर यायचे, एकामागून एक, अडतीस. चोर, मारामारीवाले, पाकीटमार, सगळे त्या कालच्या पोरासाठी झोपेत पाय काढायचे. एकोणीस वर्षांत सहदेवसाठी कोणी करंगळीही बाहेर काढली नव्हती.

त्यात हवालदाराची एक जागा रिकामी झाली आणि वर दोनच नावं गेली, सहदेवचं आणि अर्बनचं. तीन नंबरमधून रात्रीची एकही तक्रार येत नाही, असं मोठे साहेब चारचौघांत म्हणाले, तेव्हा सहदेवच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी गेला तर बायको प्रेमा हिनेही तेच काढलं. अर्बनभाऊ बायकोला, मार्सेलिनाला, वांद्र्याच्या मोतमावलीच्या जत्रेला नेतायत, दोन दिवस रजा घेतलीय, आणि तुम्ही मला कधी स्टेशनच्या पलीकडे तरी नेलंय का? सहदेव ताटावरून उठला.

अर्बनला एकदा सरळ विचारलं असतं की बाबा, हे पायांचं काय गौडबंगाल आहे, तर त्याने दोन मिनिटांत सांगितलं असतं. पण ज्याच्यावर जळायचं त्यालाच विचारायला जायचं, एवढं मोठं मन सहदेवकडे असतं तर ही गोष्टच झाली नसती. त्याने आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं की चिंधी काठीचा आवाज होऊ नये म्हणून आहे, पाय लाडाने बाहेर येतात, आणि हा सगळा चोरांना लाडावून ठेवण्याचा प्रकार आहे.

विचारलं होतं ते फक्त गुणाजीला, तेही आडून. गुणाजी साठीचा, घाटकोपरला राहणारा, जागेच्या भांडणात पुतण्याचं डोकं फोडून आत आलेला. सहदेवच्याच कणकवलीकडचा. गाववाला म्हणून सहदेव त्याला अधूनमधून विडी द्यायचा. निदान हा तरी आपल्या बाजूचा असेल, अशी त्याची समजूत. एकदा विडी देता देता त्याने विचारलं की त्या अर्बनमध्ये तुम्हाला एवढं काय दिसतं. म्हाताऱ्याने धूर सोडला.

"तो आमका माणसां म्हणान मोजता," गुणाजी म्हणाला. "तू नारळ मोजल्यासारखो मोजतस."

हे वाक्य सहदेवच्या काळजात रुतून बसलं. त्या दिवसापासून विडी बंद झाली.

अर्बन जत्रेला गेला त्या रात्री तीन नंबर सहदेवकडे आला. बाराला पाच मिनिटं असताना त्याने काय केलं, तर नालाचे बूट कचेरीच्या व्हरांड्यातल्या बाकाखाली सरकवले आणि आपल्या मुलाचे कॅनव्हासचे जुने बूट पायांत कोंबले. ते घरून पिशवीत घालून आणले होते. म्हणजे बेत आयत्या वेळचा नव्हता. त्याला कोणाचं वाईट करायचं नव्हतं. एकदाच, फक्त एकदाच, ते पाय आपल्यासाठी बाहेर आलेले त्याला बघायचे होते.

आणि आले. तो पहिल्या गजापाशी पोचतो तोच एक पाय आला, मग दुसरा. भेगाळलेल्या टाचा, खरजेने खाल्लेले अंगठे, एका पायात काळा दोरा. सहदेवने बॅटरी जरा खाली धरली. तो एक शब्द बोलला नाही, कारण बोललं की सोंग उघडं पडलं असतं. हळूहळू बॅटरी फिरवत दोन्ही बाजूंनी त्याने पुरते अडतीस पाय मोजले. मागे वळून पाहिलं तर पाय अजून तसेच बाहेर, कशाची तरी वाट बघत असल्यासारखे. किती माया लावतात ही माणसं, असं त्याला वाटलं. मग कंटाळून एकेक पाय आत गेला. कोपऱ्यातला गुणाजीचा पाय मात्र बाहेरच राहिला, आणि त्याचं सहदेवला विशेष बरं वाटलं.

आतमध्ये पहाऱ्याला एक कैदी जागा ठेवलेला असायचा. पण अर्बनच्या रात्री तो निर्धास्त डुलकी काढायचा, आणि आज त्याच्या लेखी अर्बनचीच रात्र होती.

तीनला पुन्हा अडतीस. पाचला पुन्हा अडतीस. सहदेवने वहीत तीन वेळा सगळं ठीक असं लिहिलं आणि खाली झोकात सही केली. एवढ्या सुखाची पाळी त्याने एकोणीस वर्षांत केली नव्हती.

सहाला बराक उघडली. सदतीस माणसं चादरी झटकत उठली. कोपऱ्यातला एक पाय तसाच बाहेर होता.

डॉक्टर म्हणाले, हृदय. दुखणं मध्यरात्रीच्या सुमाराला सुरू झालं असेल, जीव तीनच्या आसपास गेला असेल. वेळेवर बाहेर काढता आलं असतं तर कदाचित, एवढं बोलून त्यांनी पेटी बंद केली.

दुपारी रजा अर्धी टाकून अर्बन आला. गळ्यात जत्रेतला दोरा, हातात मेणबत्त्यांची पुडी. सहदेव व्हरांड्याच्या पायरीवर बसला होता. अर्बनने त्याच्या पायांतले कॅनव्हासचे बूट पाहिले, तो त्याच्याशेजारी बसला आणि त्याने एकच गोष्ट विचारली.

"दादा, चिंधी लावल्यावर गुणाजीने पाय आत घेतला होता ना?"

सहदेवला प्रश्नच कळला नाही. मग अर्बनने ते दोन मिनिटांचं गौडबंगाल सांगितलं. माणसांना रात्रीतून तीनदा उठवायचं जिवावर येतं म्हणून त्याने कैद्यांशी बोली केली होती. बूट ऐकले की पाय बाहेर काढायचा, चिंधी तळव्याला लागली की आत घ्यायचा. आत गेला तो पाय मोजायचा. दोनदा चिंधी लावूनही पाय हलला नाही, तर नाव घेऊन हाक मारायची आणि कुलूप उघडायला माणूस बोलवायचा. बाहेर आलेले पाय त्याने कधी मोजलेच नव्हते.

सहदेव बाकाखाली अजून पडलेल्या आपल्या नालाच्या बुटांकडे बघत राहिला. रात्री ते घालून तो नेहमीसारखा खाडखाड गेला असता, नेहमीसारखा ओरडला असता, तर बारा वाजताच एक माणूस उठून बसला नाही हे कळलं असतं. गुणाजी त्याच्या नारळ मोजण्यानेही वाचला असता. म्हातारा पाय बाहेर काढून चिंधीची वाट बघत पडला होता, आणि आपण ती माया समजून पुढे गेलो.

अर्बन पायरीवर बसून रडायला लागला, पोरासारखा, नाक शर्टाला पुसत. बराकीतली माणसं गजांशी येऊन मुकाट्याने त्याच्याकडे बघत होती. सहदेवच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं, आणि सांगायला लाज वाटते, पण तेव्हासुद्धा त्याला अर्बनचा हेवाच वाटला. त्याला रडता येत होतं.

"चिंधीचं साहेबांना सांगू नका," अर्बन जाताना म्हणाला. "ते नियमात नाय. तुमची वही बरोबर आहे."

वही खरोखरच बरोबर होती. चौकशीत सहदेवकडे कोणी बोट दाखवलं नाही आणि त्यानेही तोंड उघडलं नाही. दिवाळीआधी हवालदाराची फीत त्याच्या बाहीवर चढली आणि प्रेमाने चाळीत पेढे वाटले.

त्याला हवं होतं ते सगळं मिळालं. आता अर्बनसाठीही कोणी पाय बाहेर काढत नाही. कॅनव्हासच्या बुटांची चाहूल लागली की सदतीस माणसं धडपडून उठून बसतात, आणि आधी बॅटरी स्वतःच्या तोंडावर मार, कोण आहेस ते बघू दे, म्हणतात.