तेवीस दिवसांत कसं झालं?

पत्र फोनवर आलं तेव्हा राखी टायरच्या दुकानात बसली होती. लाखनीला हायवेच्या कडेला तिचा नवरा वीरेंद्र याचं ट्रकच्या टायरचं दुकान. नवरा जॅक लावून एका ट्रकखाली गेलेला, आणि गिऱ्हाईक सांभाळायला ती बाहेर. पत्र कॉलेजचं होतं, चारच ओळींचं. रेषीय बीजगणिताच्या ऑनलाइन कोर्सचे चार क्रेडिट अमान्य. कारण, व्हिडिओ पाहण्याचे आवश्यक तास पूर्ण नाहीत आणि बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम तेवीस दिवसांत पूर्ण होणे संशयास्पद आढळते.

तिनं ते तीनदा वाचलं. 'संशयास्पद' या शब्दाशी दरवेळी थांबली.

हे चार क्रेडिट म्हणजे तिच्या बी.एस्सी.चा शेवटचा राहिलेला तुकडा. चार वर्षांपूर्वी सगळे पेपर झाले होते, एक गणिताचा सोडून. त्याही पेपरचा अभ्यास पूर्ण झाला होता. पण पेपरच्या दिवशी सकाळी सातला पोटात कळा सुरू झाल्या आणि अकराला, म्हणजे बाकीच्या पोरी प्रश्नपत्रिका उघडत होत्या त्या वेळेला, गुड्डी झाली. पुढच्या वर्षी अभ्यासक्रम बदलला. जुना पेपर बंद झाला. गुड्डी चालायला लागली, बोलायला लागली, आणि राखी दहावीच्या पोरांना गणित शिकवत राहिली, डिग्रीशिवाय. शेवटी कॉलेजनंच सांगितलं की मान्यताप्राप्त ऑनलाइन कोर्स केला तर त्याचे क्रेडिट जोडून देऊ. यादीत कोर्सच्या नावासमोर स्वच्छ लिहिलं होतं: विद्यार्थ्याने स्वतःच्या गतीने पूर्ण करावा.

तिनं तो स्वतःच्या गतीनं केला. मे महिन्यात, दुकानाच्या मागच्या खोलीत, जिथं नेटवर्क चांगलं मिळतं आणि टायरचा वास डोक्यात बसतो. सकाळी आठ ते बारा आणि दुपारी तीन ते सहा. गुड्डीला सासूबाईंनी, रंभाबाईंनी सांभाळलं. शिकवणारे सर फार सावकाश बोलायचे. मॅट्रिक्स म्हणजे काय हे सांगायला त्यांना पाऊण तास लागायचा, आणि राखीला ते चार वर्षांपासून पाठ होतं. म्हणून तिनं व्हिडिओ दुप्पट वेगानं लावले. जिथं अडलं तिथं थांबवून, मागे नेऊन, वहीत गणित सोडवून पुढे गेली. अशा चार जाड वह्या भरल्या. जूनच्या पहिल्या रविवारी नागपूरला केंद्रावर जाऊन परीक्षा दिली. दारात आधारकार्ड पाहिलं, फोटो काढला, कानातली रिंगसुद्धा काढायला लावली. शंभरपैकी सत्त्याऐंशी मार्क पडले.

आता बी.एड.च्या प्रवेशाची कागदपत्रं जमा करायला अठरा जुलैपर्यंत मुदत होती. पत्र आलं तो दिवस होता सहा जुलै.

तिनं आधी योगेंद्रला फोन केला. हा पवनीकडचा, तिच्याच तुकडीतला, त्याचाही हाच पेपर राहिला होता.

"माझे तर जुडले वो ताई," तो म्हणाला. "मार्क किती, एक्केचाळीस. पण पास न!"

"तुझे तास पूर्ण भरले?"

तो हसला. "मी मोबाईल चार्जिंगले लावून व्हिडिओ चालू करून द्यायचो आन शेतावर निघून जायचो. आवाज बंद. संध्याकाळी पाह्यलं तर चार-पाच तास जमा. तुले कोणी सांगितलं होतं फास्ट पाहाले?"

तो हळूच म्हणाला, "माझं नाव नोको घेजो बरं कुठी."

"नाही घेत," ती म्हणाली आणि फोन ठेवला. एक माणूस शेतात गेला, त्याच्या मोबाईलनं शिक्षण घेतलं आणि ते ग्राह्य धरलं. ती डोळे फोडून बसली, आणि ती संशयास्पद.

दुसऱ्या दिवशी ती भंडाऱ्याला कॉलेजात जायला निघाली तेव्हा रंभाबाई लुगडं बदलून दारात उभ्या. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सुरू होता. गावच्या धानाच्या बांध्यांत बाया लागल्या होत्या आणि त्या बायांच्या पुढे रंभाबाई नेहमी असायच्या.

"आई, तुमी कायले? रोवणा सोडून?"

"तुयावर कोणी चोरीचा आळ घेते आन मी चिखलात वाकून राहू? चाल."

कॉलेजच्या क्रेडिट समितीच्या प्रमुख रिता मॅडम. पन्नाशीच्या, चष्मा साखळीला अडकवलेला, बोलणं मऊ. बाजूला मनिष बाबू, कार्यालयाचे जुने लिपिक, फाईल घेऊन. राखीनं चारही वह्या टेबलावर ठेवल्या. मॅडमनी त्यांना हात लावला नाही.

"हे बघ राखी, कोर्स चाळीस तासांचा आहे. तुझे नोंद झालेले तास एकवीस."

"मॅडम, मी दुप्पट वेगानं पाहिले. व्हिडिओ सगळे शेवटपर्यंत पाहिलेत. पोर्टलवरच वेग वाढवायचं बटण दिलेलं आहे."

"बटण असतं म्हणून दाबायचं नसतं."

"आणि परीक्षा? ती तर केंद्रावर झाली. तिथं मीच बसले होते."

"मार्कांबद्दल आम्ही काही म्हणत नाही." मॅडमनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "पण तूच विचार कर. घर आहे, लेकरू आहे, सासू-सासरे आहेत, दुकान आहे. शहरातली, पूर्णवेळ शिकणारी मुलं बारा आठवडे घेतात. तू तेवीस दिवसांत कसं केलंस? कोणी मदत केली असेल तर आत्ताच सांगून टाक, आपण दुसरा मार्ग काढू."

राखीच्या कानशिलात रक्त चढलं. बाईनं बाईला विचारलेला प्रश्न होता तो.

"मदत केली न," ती म्हणाली. "ह्या माझ्या सासूबाईंनी केली. सकाळचा सैपाक त्यांनी केला, पोरगी त्यांनी सांभाळली. नवऱ्यानं दुकानातली खोली रिकामी करून दिली, तिथं पंखा लावला. सासऱ्यानं महिनाभर स्वतःचे कपडे स्वतः धुतले. लिहा तुमच्या अहवालात."

"मी तसं म्हणत नव्हते."

"मग कसं म्हणत होता? मॅडम, फळा आहे मागं. तुम्ही कोणतंही गणित घाला. तुम्हाला नसेल घालायचं तर गणिताच्या सरांना बोलवा. मी आत्ता सोडवते. दोन तास बसवा, चार तास बसवा."

"नियमात तशी तोंडी परीक्षेची तरतूद नाही."

"मग तेवीस दिवसांत करू नये अशी आहे?"

मॅडमनी मनिष बाबूंच्या फाईलकडे पाहिलं. तेवढ्यात रंभाबाई, ज्या इतका वेळ खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या, पुढे सरकल्या.

"बाई, मी रोवणा करतो. माझा हात जलद चालते. दुसरीची एक पात होते तं माझ्या दोन होतात. आजवर कोणत्या मालकानं म्हटलं नाही का रंभाबाई, तू लवकर उरकली म्हून तुयं धान लागलंच नाही. तो बांधीत येऊन पाह्यते. तुमी वही तं उघडून पाहा."

मॅडमनी वरची वही उघडली. दोन पानं उलटली. बंद केली. "वह्या कोणीही लिहू शकतं, आजी," त्या मऊपणानंच म्हणाल्या.

त्या क्षणी राखीच्या तोंडाशी योगेंद्रचं नाव आलं होतं. एक्केचाळीस मार्क, चार्जिंगला लावलेला मोबाईल, सगळं. ती सांगू शकत होती. पण तिनं शब्द दिला होता, आणि त्याचं वर्ष बुडवून तिचं निघणार नव्हतं. तिनं वह्या उचलल्या.

"ज्या नियमानं माझे क्रेडिट नाकारले, तो नियम मला लेखी द्या. नंबर आणि तारखेसकट."

"अर्ज कर," मॅडम म्हणाल्या.

तिनं अर्ज केला, तिथंच, बाकावर बसून. आठ दिवस उत्तर आलं नाही. फोन केला की मनिष बाबू म्हणायचे, मॅडम मीटिंगमध्ये आहेत. मग तिनं माहिती अधिकारात अर्ज टाकला. मोजून दोनच प्रश्न. स्वगतीच्या कोर्ससाठी कमीत कमी किती दिवस लागावेत असा नियम आहे काय? व्हिडिओचा वेग वाढवू नये असा नियम आहे काय?

अठरा जुलै आली. तिनं कागदपत्रं जमा करायच्या पानावर शेवटच्या गुणपत्रिकेची जागा रिकामी पाहिली. ती रिकामी असताना पुढचं बटणच चालत नव्हतं. संध्याकाळी सहाला ते पान बंद झालं.

वीरेंद्र हात पुसत आत आला. "जाऊ दे न आता. पुढच्या साली पाहू. कायले भांडून राहिली मोठ्या लोकाइशी? उद्या त्याच कॉलेजात काम पडन."

"मी भांडून नाही राहिलो. मी विचारून राहिलो."

"तेच."

"तेच नाही!" ती ओरडली. गुड्डी दारात थबकली. राखीनं आवाज खाली आणला, पण राग उतरला नाही. "मी हळू शिकली असती तं मले मठ्ठ म्हटलं असतं. जलद शिकली तं चोर म्हणतात. मंग मी किती वेगानं शिकाव, हे तरी सांगाव त्याइनं. बरोबर किती? त्याइले पटन इतकं?"

वीरेंद्रनं गुड्डीला उचलून घेतलं. मग म्हणाला, "त्या खोलीत तू कशी बसून राहायची, मी पाह्यलं आहे. मी लिहून देऊ का कॉलेजले?"

"तुमचं कोण मानते?" ती म्हणाली. पण त्यानंतर त्यानं तिला गप्प राहायला सांगितलं नाही.

माहिती अधिकाराचं उत्तर ऑगस्टच्या मध्यात आलं. एकच ओळ: मागितलेल्या स्वरूपाचा कोणताही नियम या कार्यालयाच्या अभिलेखावर उपलब्ध नाही. आणि तीन दिवसांनी कॉलेजचं दुसरं पत्र. विद्यार्थिनीची कौटुंबिक परिस्थिती लक्षात घेता, सहानुभूतीपूर्वक विचार करून, विशेष बाब म्हणून चार क्रेडिट मंजूर करण्यात येत आहेत.

सासऱ्यांनी, भैय्यालालजींनी, पेढे आणायला पिशवी घेतली. राखी म्हणाली, "बाबाजी, थांबा."

ती त्याच दिवशी भंडाऱ्याला गेली, एकटीच. मॅडमनी हसून खुर्ची दाखवली. चहा सांगितला.

"मिळालं ना पत्र? मीच समितीत बोलले तुझ्यासाठी."

"मॅडम, हे पत्र दुरुस्त करून पाहिजे."

"काय चुकलं? नाव?"

"'सहानुभूतीपूर्वक' काढा. 'विशेष बाब' काढा. 'कौटुंबिक परिस्थिती' काढा. लिहा की नियमानुसार मंजूर. आणि पहिलं पत्र नियमाला धरून नव्हतं, म्हणून रद्द."

मॅडमचं हसू गेलं. "क्रेडिट मिळाले ना तुला? शब्दांत काय ठेवलंय?"

"पहिल्या पत्रात एकच शब्द होता मॅडम, संशयास्पद. त्याच्यात माझं वर्ष गेलं." तिचा आवाज चढला नाही, पण बाहेरच्या बाकावरची मुलं आत पाहू लागली. "मला कोणी दया म्हणून गणित शिकवलं नाही. सत्त्याऐंशी मार्क दया म्हणून पडले नाहीत. उद्या मी नोकरीला गेले की हे पत्र पाहून लोक म्हणतील, हिला सोडून दिलं होतं. मला सोडून दिलेलं नको. चूक तुमची होती, ती तुमच्या कागदावर असू द्या."

"समितीचं पत्र असं बदलता येत नाही."

"मग मी बसते. माहिती अधिकाराचं उत्तर माझ्याजवळ आहे. विद्यापीठात अपील करायची मुदतही आहे. कॉलेज बंद व्हायला पाच वाजतात ना?"

चहा आला आणि टेबलावर निवत राहिला. मॅडम उठून प्राचार्यांच्या खोलीत गेल्या. अर्ध्या तासानं परत आल्या, मनिष बाबूंच्या टेबलाशी उभं राहून काहीतरी सांगितलं आणि राखीकडे न पाहता तासाला निघून गेल्या. मनिष बाबूंनी संगणक सुरू केला. त्यांनी मजकूर टाइप केला, वाचून दाखवला. "नियमानुसार मंजूर. दिनांक सहा जुलैचे पत्र रद्द." राखी म्हणाली, 'रद्द'च्या आधी 'नियमबाह्य असल्याने' घाला. मनिष बाबूंनी दाराकडे एकदा पाहिलं आणि घातलं. प्राचार्यांची सही आणि शिक्का होऊन कागद हातात यायला सव्वाचार झाले.

कागद हातात होता, पण प्रवेश होऊन गेले होते. ते कोणाच्या सहीनं परत येणार नव्हते. कोणी माफी मागितली नव्हती, मागणारही नव्हतं. आनंद व्हायला पाहिजे होता आणि छातीत नुसती आग होती.

जिन्याखाली सूचना फलक होता. ती तिथून आजवर कितीदा गेली असेल. आज थांबली, कारण तिथं 'ऑनलाइन क्रेडिट अमान्य' अशी यादी लावलेली दिसली, जुलैचीच, एका कोपऱ्यात पिन निघालेली. तिचं नाव तिसरं. खाली-वर आणखी सात नावं. प्रत्येकासमोर तेच कारण, तास अपूर्ण, कालावधी संशयास्पद. सातांपैकी पाच बाया. एक साकोलीची, एक तुमसरजवळच्या बपेऱ्याची, तृप्ती नावाची, मार्कांच्या रकान्यात ब्याण्णव. ब्याण्णव!

राखीनं यादीचा फोटो काढला. मग परत जिना चढून मनिष बाबूंसमोर उभी राहिली.

"ह्या सातांनी अर्ज केला का?"

"नाही. कोणीच नाही आलं." त्यांनी फाईल मिटली. "पत्र गेलं की लोक घरीच बसतात बाई."

बस स्टँडवर लाखनीची गाडी लागली होती. ती चढली नाही. बाकावर बसून तिनं जुन्या मैत्रिणींना एकामागून एक विचारत बपेऱ्याच्या तृप्तीचा नंबर मिळवला. चौथ्या रिंगला कोणीतरी उचललं. मागे भांड्यांचा आवाज येत होता.

"तुमी मले ओळखत नाही," राखी म्हणाली. "मी लाखनीहून राखी बोलतो. तुमी तो कोर्स किती दिवसांत केला होता?"

पलीकडे भांडी थांबली. मग एक बारीक आवाज, सावध, आधीच हरलेला.

"एकोणीस. पण मी खरंच केला होता वो."

"मले माहीत आहे," राखी म्हणाली. "कागद-पेन घ्या. अर्ज कसा लिहाचा, मी सांगतो."