सासूबाईंनी पारखलेला मल्टीमीटर

सासूबाईंच्या बोटांना मुंग्या येत होत्या आणि आमच्या घरातल्या दोन्ही पुरुषांनी परस्पर निकाल लावून टाकला होता, की त्यांच्या हाताच्या नसा गेल्या.

"अगं, वॉशिंग मशीनला हात लावला की येतात," सासूबाई, म्हणजे आमच्या आई, मला सांगत होत्या. सासऱ्यांनी मशीनवर थाप मारून पाहिली. नवऱ्याने दोन्ही तळवे टेकवून पाहिले. कुणालाच काही जाणवलं नाही. "वय झालं तुझं," सासरे म्हणाले. आपण त्यांच्याहून मोठे आहोत हे ते सोयीस्करपणे विसरले.

माझं डोकं फिरलं ते इथेच. एखाद्या बाईच्या नसा गेल्या म्हणायला काही मोजमाप नको? तेही जिचा उभा जन्म कपडे शिवण्यात गेला तिच्याबाबतीत? आईंनी तर गिऱ्हाइकांची कापडं परत करायला सुरुवात केली होती. "हाताचा भरवसा राहिला नाही गं. कुणाचं चांगलं कापड वाया जायचं." त्या हे हसत हसत म्हणाल्या, पण मला रडू आलं.

"आधी मशीनमध्ये करंट उतरलाय का ते मोजू या," मी जाहीर केलं. "वीज मोजायचा मल्टीमीटर आणू. त्यात काही निघालं नाही तर डॉक्टरकडे मी स्वतः नेईन."

मग आमची सगळी वरात विजेच्या सामानाच्या दुकानात. नवऱ्याला जो तो मीटर आवडत होता. एकाला टॉर्च होता, एक तापमान दाखवत होता.

"तापमान कुणाचं बघणार आहेस? माझ्या डोक्याचं?" मी विचारलं.

दुकानदार हसला. "घरातल्या प्लगला लावणार ना? मग टॉर्च सोडा, हे बघा." त्याने मीटरवरची सुरक्षिततेची बारीक अक्षरं दाखवली: कॅट थ्री, सहाशे व्होल्ट. "एवढं तरी हवंच. आणि आत चांगला फ्यूज. चुकून वायर भलत्या भोकात राहिली, तर फ्यूज जाईल, माणूस जाणार नाही."

तशी अक्षरं असलेले दोन मीटर त्याने पुढे ठेवले. नवऱ्याने लगेच चकचकीत मीटर उचलला.

आईंनी मात्र मीटरकडे बघितलंच नाही. त्यांनी त्याच्या लाल-काळ्या वायरी हातात घेतल्या आणि शिवलेली बाही तपासावी तशा बोटांतून हळूहळू सरकवत नेल्या. टोकाच्या दांडीपाशी त्यांचं बोट थांबलं.

"इथे उसवलंय," त्या म्हणाल्या.

दुकानदाराने वायर वाकवून पाहिली. दांडीच्या तोंडाशी आवरण मागे सरकलं होतं आणि आतलं तांबं चमकत होतं. डोळ्यांना दिसलं नसतं इतकं बारीक! त्याने तो मीटर मुकाट्याने बाजूला ठेवला. आईंनी दुसऱ्याच्या वायरीही तशाच पारखल्या. "हा घ्या. याचं काम पक्कं आहे. आणि बोट पुढे घसरू नये म्हणून काठपण चांगला उंच दिलाय."

नसा गेलेली बोटं म्हणे! मला तिथेच धीर आला.

घरी नवऱ्याने माहितीपत्रक शब्दन् शब्द वाचलं. तेवढं त्याला छान जमतं. वायरी व्होल्टच्या भोकांत बसवल्या, खटका फिरवला आणि मीटर चालतो की नाही हे आधी स्वयंपाकघरातल्या प्लगवर पाहिलं. ठीक होतं. मग एक टोक मशीनच्या मागच्या उघड्या स्क्रूला लावलं, दुसरं लोखंडी नळाला.

एकशे चार.

व्होल्ट! तिथे खरं तर शून्याच्या आसपास यायला हवं होतं.

"पण मग मला शॉक का नाही लागला?" सासऱ्यांनी विचारलं.

मी खाली बघितलं. सासऱ्यांच्या पायात रबरी चपला. नवऱ्याच्याही. आई कायम अनवाणी, आणि मशीनपुढची फरशी कायम ओली.

"चपला घालून परीक्षा घेतलीत होय!" मी म्हणाले. त्यावर सासरे खात्री करायला एक चप्पल काढू लागले. आम्ही तिघंही एकदम ओरडलो, तेव्हा कुठे पाय परत आत गेला.

"म्हणजे माझे हात चांगले आहेत?" आईंनी हळूच विचारलं.

"ठणठणीत आहेत, आई."

"परत लाव रे एकदा."

नवऱ्याने परत लावलं. एकशे चार. मशीनला करंट उतरल्याचा एवढा आनंद झालेली बाई मी पहिल्यांदाच बघितली. त्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. नवऱ्याने प्लग काढला आणि वायरमनला फोन लावला.

सासऱ्यांनी आपल्या चपलांकडे बघितलं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "इतकी घाबरली होतीस, तर सांगायचंस ना."

"सांगतच होते की," आई म्हणाल्या.