तिसऱ्या प्रकरणातला सेनापती

दीक्षाने कादंबरी लिहिली ती दोन ग्रहांच्या युद्धाची. सात पिढ्यांचं वैर, ग्रहसभेतली कारस्थानं, आणि या धामधुमीत सेनापतीची मुलगी शत्रुग्रहाच्या दूताच्या प्रेमात पडते. हा दूत म्हणजे अकोल्याच्या जठारपेठेतला यशोधन वकील, हे अख्ख्या अमरावतीत फक्त तिलाच ठाऊक होतं. घरी सांगायचा धीर दोन वर्षं होत नव्हता. म्हणून आडवळणानं तिनं चारशे पानांचा गठ्ठा बाबांपुढे ठेवला. वाचतील, समजतील, निदान तोंडानं सांगायचं तरी टळेल.

बाबा, म्हणजे किसनराव, नांदगाव खंडेश्वरच्या तहसीलमधून निवृत्त झालेले अव्वल कारकून. लग्नपत्रिकासुद्धा फाइलसारखी तपासणारा माणूस, तिथं अंतराळाची काय कथा! पाच दिवस ते समासात शेरे मारत बसले. 'ग्रहसभेत गणसंख्या अपुरी, ठराव रद्द समजावा.' 'युद्धापूर्वी नोटीस बजावलेली दिसत नाही.' सेनापतीची मुलगी आणि दूत पहिल्यांदा हात धरतात त्या पानावर नुसतं 'पाहिले'. दीक्षानं कपाळावर हात मारला. बाबांच्या डोक्यात काही म्हणता काही शिरलं नव्हतं.

सहाव्या दिवशी सकाळी त्यांनी तिला जवळ बसवलं.

"ह्या पोरीच्या बापाले, सेनापतीले, तिसऱ्याच परकरणात काहून मारलं?"

"लढाई हाय ना, बाबा. मानसं मरतातच."

"लढाईत कुठं मेला तो? झोपेत मेला. मंग पोरीचं लगन बिनबोभाट लागलं."

 सेनापतीला जिवंत ठेवून तिनं ते लग्न तीनदा लिहून पाहिलं होतं. तो मांडवात आला की काय बोलेल, हेच तिला लिहिता येत नव्हतं.

"तो नाई म्हनला असता, असं वाटलं तुले?"

तिनं होकारार्थी मान हलवली.

"पोराचं नाव काय?"

"यशोधन. अकोल्याचा. वकील हाय." तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही.

 किसनरावांना वाईट वाटलं होतं, आणि ते लपवायचंही त्यांना सुचत नव्हतं.

"हो म्हनीन का नाई, ते पोराले भेटल्यावर सांगीन," ते म्हणाले. "पन माय, मले इचारायच्या आंधीच मारून टाकलं तुनं?"

एवढी लाज दीक्षाला आयुष्यात कधी वाटली नव्हती. त्यांचा हात धरून ती रडत राहिली.