लिफ्ट बंद होती तेव्हाचं गाणं

चष्मेवाल्याची गाणी चर्चमधल्या सगळ्यांना पाठ होती, आणि गाण्यांमागच्या गोष्टी त्याच्या बायकोला.

दिवसभर तो चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत भिंगांच्या कडा यंत्रावर घासायचा. त्या घरघर आवाजात त्याला चाली सुचायच्या. ओळ सुचली की नंबर लिहायच्या कार्डाच्या पाठीवर खरडून ठेवायची सवय. एकदा एका गिऱ्हाइकाच्या हातात असंच कार्ड गेलं. पुढे उजव्या-डाव्या डोळ्याचा नंबर आणि मागे 'प्रभू, आता तूच सांभाळ'. तो गृहस्थ घाबरून दहा मिनिटांत परत आला आणि विचारू लागला, माझ्या डोळ्यांचं एवढं काही हाताबाहेर गेलंय का?

रविवारी हाच माणूस चर्चमध्ये पेटीवर बसे. त्याच्या गाण्यांत देव असायचाच, पण देवाबरोबर कोणीतरी ओळखीचं माणूसही असायचं. नवा चष्मा लावून नातवाचा चेहरा पहिल्यांदा नीट पाहणारी म्हातारी, भांडून घर सोडून गेलेल्या भावाची खोली रोज झाडणारा सुतार. खऱ्या माणसांशिवाय आपल्याला सुचतच नाही, असं तो अभिमानाने सांगे. आणि गाणं म्हणण्याआधी त्यामागची हकिगत सांगितल्याशिवाय तो पेटीला हात लावत नसे.

सगळ्यांत जास्त चाललेलं गाणं म्हणजे 'एकेक पायरी'. 'एकेक पायरी चढते मी, नाव तुझे घेते, हात जरी हे भरलेले, प्रभू, मन रिते देते.' हे गाणं लग्नांत म्हणत, अंत्यविधीला म्हणत. कुठल्या कुठल्या गावांतून लोक ते मोबाइलवर गाऊन पाठवत. त्याची हकिगत अशी, की नऊ वर्षांपूर्वी चष्मेवाल्याच्या आईचं ऑपरेशन झालं होतं. रुग्णालयात ती चौथ्या मजल्यावर होती आणि हा तिथेच जिन्याच्या तोंडाशी बाकावर बसलेला; तिथून खालची वळणं दिसायची. सफाई करणारी एक मावशी दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन जिना चढायची, दर मजल्याच्या वळणावर थांबायची, डोळे मिटायची आणि पुटपुटत प्रार्थना करायची. तिच्याकडे बघून याला धीर आला आणि त्याच बाकावर गाणं झालं.

अडचण एवढीच, की दरवर्षी मावशी थोडी थोडी पवित्र होत चालली होती. पहिली दोन वर्षं ती नुसती पुटपुटायची. मग तिच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. गेल्या वर्षीच्या मेळाव्यात तर ती जिन्यातच गुडघे टेकून बसली.

"दोन बादल्या हातात घेऊन गुडघे कशी टेकली हो?" घरी येताना बायकोने विचारलं.

"बादल्या खाली ठेवल्या असतील."

"असतील म्हणजे? तुम्ही होतात ना तिथे?"

चष्मेवाला म्हणाला, सांगण्याच्या ओघात माणूस जरा इकडेतिकडे जातो. बायको शाळेत भूगोल शिकवायची. इकडेतिकडे गेलेलं तिला चालत नसे.

यंदा चर्चच्या पाळकांनी ठरवलं, की चष्मेवाल्याच्या गाण्यांचा एक मोठा कार्यक्रम करायचा. नाव 'गाण्यांमागची माणसं'. गाणी वाद्यवृंदासह, मधे मधे हकिगती. बायको म्हणाली, "मग माणसंच बोलवा की. सुतार आहे, म्हातारीचा नातू आहे. मावशीला शोधा."

पाळकांना ही कल्पना इतकी आवडली, की त्यांनी त्याच दिवशी सगळ्या मंडळींना सांगून टाकलं. चष्मेवाल्याला मावशी हवी होती, पण गाण्यात होती तिथेच बरी होती.

शोधायला काही फार वेळ लागला नाही. रुग्णालयाच्या भांडारातल्या माणसाने तिला लगेच ओळखलं. "बादल्यांवाली मावशी? तोंडाने फटकळ, पण कामाला वाघ. काम सोडून पाच वर्षं झाली." त्याने पत्ता सांगितला. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची खोली.

शनिवारी दुपारी नवरा-बायको तिथे गेले. खोली लहान, पण लख्ख. खिडकीपाशी मावशी खुर्चीत बसून शाळेच्या गणवेशांना बटणं लावत होती. एका बाजूला बिनबटणांच्या सदऱ्यांचा डोंगर, दुसऱ्या बाजूला बटणं लावून घड्या घातलेला जरा छोटा डोंगर. पन्नाशी उलटलेली, अंगाने शिडशिडीत, दातात दोरा धरलेला. तिने दोघांना खाटेवर बसवलं, कशासाठी आलात ते विचारलं आणि हात न थांबवता ऐकत राहिली.

चष्मेवाल्याने सगळं सांगितलं. जिना, बाक, आईचं ऑपरेशन, गाणं. गुडघ्यांचा भाग त्याने गाळला. बायको शेजारीच बसली होती.

"ते गाणं तुमचं?" मावशी म्हणाली. "आमच्या खालची सायकलवाली बाई सकाळी लावते. चांगलं आहे. पण किती हळू. दुसरं कडवं येईपर्यंत माझी चार बटणं होतात."

"ते तुमच्यावर आहे, मावशी. तुम्ही दर मजल्यावर थांबून प्रार्थना करायचा ना, त्यावर."

मावशीचा हात थांबला. तिने दातातला दोरा काढला, याच्याकडे पाहिलं, त्याच्या बायकोकडे पाहिलं आणि हसायला लागली. हसता हसता ठसका लागला, मग बायकोने उठून माठातलं पाणी दिलं.

"प्रार्थना कसली, दादा. मी शिव्या देत होते."

"शिव्या?" चष्मेवाला म्हणाला.

"लिफ्ट चार महिने बंद होती," मावशी सांगू लागली. "पाणी खालून न्यायचं. दोन बादल्या, दिवसाला पंधरा फेऱ्या. पहिल्या वळणावर मी लिफ्टवाल्याला शिव्या द्यायचे. उद्या येतो, उद्या येतो, असं म्हणून गेलेला. दुसऱ्या वळणावर आमच्या साहेबाला. तिसऱ्यावर माझ्या दिराला, त्यानेच मला त्या कामाला लावलं. म्हणाला, वहिनी, बसून काम आहे. डोळे मिटायचे ते शिव्या नीट आठवाव्यात म्हणून. एकदा दिलेली परत द्यायची नाही, असा माझा नियम होता."

बायकोने पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते.

"आणि चौथ्या मजल्यावर?" चष्मेवाल्याने विचारलं. अजून त्याला आशा होती.

"चौथ्यावर गप्प. तिथे ऑपरेशनवाली माणसं झोपलेली असायची." मावशीने सुईत नवा दोरा ओवला. मग थांबून म्हणाली, "तुमची आई म्हणजे ती खिडकीजवळच्या खाटेवरची? हिरव्या चौकटीचा चष्मा? सारखा नाकावरून घसरायचा तो?"

तो चष्मा चष्मेवाल्यानेच बनवला होता आणि तो खरोखरच घसरायचा.

"ती मला बसवून घ्यायची," मावशी म्हणाली. "तुम्ही दुपारी जेवायला नाहीतर औषधं आणायला गेलात, की हाक मारायची. मी बादली उपडी घालून तिच्यापाशी बसायचे, दहा मिनिटं. खूप घाबरलेली होती हो. म्हणायची, मुलासमोर रडता येत नाही, तो लगेच पेटी आणायला धावेल. मग माझा हात धरून रडायची, डोळे पुसायची आणि विचारायची, आज दिराला काय म्हणालीस? मी सांगायचे. एकेक शिवी ऐकून अशी हसायची, की टाके दुखायचे. एकदा तिनेच मला एक शिकवली."

"माझ्या आईने?"

"चांगली होती. तुमच्यासमोर नाही सांगत."

चष्मेवाल्याची आई त्या दुखण्यातून उठून घरी आली होती आणि पुढे चार वर्षं जगली होती. रविवार न चुकवणारी, जेवणाआधी हात जोडणारी, मोठ्या आवाजात कधी न बोललेली बाई. या दुपारींबद्दल तिने कधी चकार शब्द काढला नव्हता. तो अकरा दिवस त्या बाकावर बसला होता. आई किती धीराची आहे, असं तेव्हा प्रत्येक भेटायला येणाऱ्याला सांगत होता.

"माझ्याबद्दल काही बोलायची का?" त्याने विचारलं. प्रश्न विचारताना आपण आठ वर्षांचे झालो आहोत, असं त्याला वाटलं.

"बोलायची तर. मुलगा गाणी करतो, म्हणायची. चाल छान असते, शब्द जरा जास्त होतात."

बायको आता उघडच हसली. चष्मेवालाही हसला, पण त्याचे डोळे भरून आले होते. मावशीने ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि एक सदरा त्याच्या मांडीवर टाकला. "नुसते बसलात तर घड्या घाला. बाह्या आत."

दोघांनी तासभर घड्या घातल्या. निघताना बायकोनेच कार्यक्रमाचं विचारलं. मावशी म्हणाली, "येते. पण खरं सांगणार असाल तर. फुकट साध्वी बनवून मला चारचौघांत बसवू नका, माझा दीर पोट धरून हसेल."

पाळकांना हे सांगायला चष्मेवाला एकटाच गेला. पाळकांनी शांतपणे ऐकलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला. "म्हणजे गेली नऊ वर्षं आपली मंडळी..."

"हो."

"अंत्यविधींनासुद्धा."

"हो, साहेब."

पाळक म्हणाले, "हकिगत न सांगता नुसतं गाणं म्हटलं तर?"

"तिला शब्द दिलाय. आणि मीच तिला गुडघ्यांवर आणून बसवलं, आता तिथून उठवायला नको?"

"शिव्या तरी सांगू नका," पाळक म्हणाले, आणि ते ठरलं.

कार्यक्रमाला सभागृह भरलेलं होतं. मावशी पहिल्या रांगेत चष्मेवाल्याच्या बायकोशेजारी बसली होती, इस्त्रीचे कपडे, मांडीवर हात. सुतार येऊन बोलून गेला, नातू बोलून गेला. मग 'एकेक पायरी'ची पाळी आली. चष्मेवाल्याने पेटी बाजूला सरकवली आणि उभा राहिला.

त्याने सगळं सांगितलं. आपण काय पाहिलं, त्याला काय समजलो, दरवर्षी त्यात काय काय भर घातली. जिन्यात खरं काय चाललं होतं. सभागृहात आधी कुजबुज झाली, मग मागून कोणीतरी हसलं आणि मग सगळेच हसू लागले. पाळकही. मग त्याने उपड्या बादलीवरच्या दुपारी सांगितल्या, तेव्हा हसू थांबलं. आईने शिकवलेल्या शिवीचा उल्लेख त्याने केला नाही, पण मावशीने बसल्या जागेवरून "आणि ती एक?" असं विचारलंच.

गाणं सुरू होणार एवढ्यात मधल्या रांगेतून एक वयस्क माणूस काठी टेकत उठला. त्याची बायको तीन वर्षांपूर्वी गेली होती आणि तिच्या अंत्यविधीला हेच गाणं म्हटलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. चष्मेवाल्याला वाटलं, आता हा रागावणार, आणि त्याचं बरोबरच असेल.

"मला एक सांगायचं होतं," तो माणूस म्हणाला. "ही गेल्यापासून रोज सकाळी हे गाणं लावतो. आणि रोज वाटतं, ती जिन्यातली बाई माझ्याहून फार मोठी. मला काही तसं शांतपणे नाव घेता येत नाही. मी उठतो तो देवाशी भांडतच उठतो. आज बरं वाटलं." आणि तो खाली बसला.

मावशीने मान वळवून त्याला नीट पाहून घेतलं. मग चष्मेवाल्याकडे बघून हाताने खूण केली, आता म्हण, आणि जरा भरभर.

त्याने खरोखरच लय वाढवली. तबलजी पहिल्या ओळीला गडबडला, पण दुसरीला आला. मागाहून जोडलेलं चौथं कडवं, ज्यात मावशीच्या अश्रूंची फुलं होत होती, ते त्याने गाळलं. कोणाला चुकल्यासारखं वाटलं नाही.

त्यानंतर महिन्यातून एखाद्या शनिवारी मावशी त्यांच्याकडे येऊ लागली, कधी सदऱ्यांचं गाठोडं बरोबर घेऊन. चष्मेवाला तिला आईबद्दल विचारायचा. तिला आठवेल तसं ती सांगायची, थोडं थोडं, कधी तेच पुन्हा. आईला कोणता डॉक्टर आवडत नव्हता, आईने कोणाची नक्कल केली, टाके काढायच्या दिवशी ती काय म्हणाली. पहिल्या शनिवारी त्याचा हात सवयीने खिशातल्या कार्डाकडे गेला, पण बायको समोरच बसली होती, आणि तिने नुसतं पाहिलं. त्याने हात बाहेर काढला आणि ऐकत राहिला.

"मग ऑपरेशनच्या आदल्या दुपारी," मावशीने सांगायला सुरुवात केली, आणि तो खुर्ची पुढे सरकवून बसला.