गुंड्याने पोरांचं तोंड पाहिलं

गुरुवारी सकाळी ऋजुताच्या दाराची कडी आतून नाहीशी होऊन बाहेर गेली आणि घरभर फरशीवर घोटाभर कागदाच्या पट्ट्या साचल्या. दुसरी एखादी बाई किंचाळली असती. ऋजुताला तेवढी फुरसत कुठली! तान्ह्या बाळाला खांद्याशी धरून ती पट्ट्या तुडवत पिंजऱ्यापाशी गेली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिरीच्या शेजारी गुंड्या बसला होता.

ही दोघं तिचे पाळलेले उंदीर. पोती कुरतडणारे नव्हेत बरं का, हाक मारली की खांद्यावर येऊन बसणारे. जिरी पहाटेच व्यायली होती. उंदरीण व्यायली की त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते. मग अंगावर एक वीण, पोटात दुसरी, आणि ती बिचारी पार पिळून निघते. म्हणून दिवस भरत आल्यावर ऋजुताने गुंड्याला वेगळ्या पिंजऱ्यात ठेवलं होतं. पिल्लं जन्मायच्या आधीच त्यांची घरं पक्की केली होती, तीसुद्धा अवघडल्या अंगाने स्वतः जाऊन, माणसं पारखून. उगाच कुणाच्या पाळलेल्या अजगराच्या घशात जायला नकोत. आता आणखी एक वीण झाली तर तिला घरं कुठून आणायची, कपाळ!

"याला इथे कुणी ठेवलं?"

"मीच," सासूबाई म्हणाल्या. इंदुमतीबाई निवांत लसूण सोलत होत्या. "बापाने पोरांचं तोंड बघायला नको? मुका जीव झाला म्हणून काय झालं? तोंड गोड करायला साखरसुद्धा ठेवली मी."

"कधीपासून आहे हा आत?"

"उजाडल्यापासून. गुण्यागोविंदाने आहेत की दोघं."

ऋजुताने गुंड्याला उचलून त्याच्या पिंजऱ्यात टाकलं. वाकताना पोटावरचे टाके ताणले गेले. जिरी पिंजऱ्यात अंथरलेल्या कागदाच्या पट्ट्यांत पिल्लांवर पसरून पडली होती आणि तिच्या डोळ्यांभोवती लाल पाणी जमलं होतं. उंदीर फार त्रासले की तसं येतं.

"आई, जीव घ्यायला निघालात तुम्ही तिचा! हात जोडून सांगितलं होतं ना, पिंजऱ्याला हात लावू नका म्हणून?"

भिंती हातभर आत सरकल्या. सोफा ओट्याला जाऊन टेकला.

"काय हे आकांडतांडव! होतील आणखी चार. आणि तुलाही सांगून ठेवते. सारंग येतोय आज बोटीवरून. त्यानेही पोराचं तोंड पाहिलेलं नाही अजून. हे लहान आहे तोवर पाठोपाठ दुसरं उरकून टाक. एकदाची सुटशील."

"माझे टाके ओले आहेत अजून! डॉक्टरीणबाईंनी थांबायला सांगितलंय."

"तिला काय जातंय सांगायला?"

ऋजुताला इतका संताप आला की तिचा आवाज बारीक होत होत नुसती चिरचिर उरली. खिडकीच्या गजांमध्ये आता बोटही मावत नव्हतं. इंदुमतीबाई उठल्या, लसणाची सालं झटकली, दूध आणते म्हणाल्या आणि बाहेर गेल्या. बाहेरून कडी लागली. थोड्या वेळाने खिडकीत त्यांचा एक डोळा आला. तो पूर्ण खिडकीएवढा होता.

"आई, दार उघडा!"

"उघडते गं. किती घाई!"

भिंती सरकत सरकत जिरीच्या पिंजऱ्याला येऊन भिडल्या, आणि मग भिंती कुठल्या नि पिंजरा कुठला ते कळेनासं झालं. जिरी पिल्लांना घेऊन ऋजुताला खेटून बसली. दोघी आता एकाच मापाच्या होत्या. तिचं अंग थरथरत होतं, आणि ऋजुताचंही, पण ऋजुताचं रागाने.

मग छप्पर उचललं गेलं. हिरव्या बांगड्यांचा हात आत आला. त्याने सारंगला कमरेला धरलं होतं. सारंगच्या हातात अजून प्रवासाची बॅग होती. हाताने त्याला अलगद कागदाच्या पट्ट्यांवर ठेवलं आणि त्याच्यासमोर विटेएवढा साखरेचा दाणा ठेवला.

"बघू दे गं बापाला तोंड," वरून आवाज आला, आणि छप्पर बंद झालं.

सारंगने बॅग खाली ठेवली. ओशाळं हसला.

"मी नुसतं बघतो, ऋजू," म्हणत तो एक पाऊल पुढे आला.

ऋजुताच्या डोळ्यांतून लाल पाणी आलं. तिने बाळाला पोटाखाली घेतलं आणि दात विचकले.